बॉम्बवर औषध नाही

1956 साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हे पुस्तक काढलं. प्रस्तावना पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंची. मुख्य लेखक संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी, आणि त्यांना साथ दोघांची: होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर. भाभांचं नाव तोवर देशभर झालं होतं. खानोलकर मात्र मुंबईत परळला बसून कर्करोगाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे पॅथॉलॉजिस्ट. अणुस्फोटावरच्या सरकारी पुस्तकात त्यांचं काय काम होतं?

स्फोटाचं भौतिकशास्त्र काही क्षणांत आटोपतं. मागे उरते ती भाजलेली कातडी, फुटलेले कानाचे पडदे, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची घसरण आणि काही वर्षांनी डोकं वर काढणारा रक्ताचा कर्करोग. हा हिशेब डॉक्टरच मांडू शकतो. त्या काळात भारतात तो सरकारच्याच सांगण्यावरून मांडला गेला, सरकारच्याच छापखान्यातून बाहेर पडला. पुढच्या चाळीस वर्षांत हिशेब तोच राहिला, पण तो मांडणारे डॉक्टर सरकारच्या विरोधी बाकावर जाऊन बसले. त्यांनी जागा बदलली नव्हती. जागा सरकारने बदलली होती.

पुस्तकाची सुरुवात प्रशांत महासागरात झाली असं म्हणता येईल. 1 मार्च 1954 रोजी मार्शल बेटांमधल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘कॅसल ब्राव्हो’ हे तिचं नाव. शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षा स्फोट कितीतरी मोठा निघाला. त्याची ताकद 15 मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर 23 खलाशी होते. परत येईपर्यंत त्यांची कातडी भाजली, केस गळू लागले. त्यांच्यातले रेडिओ ऑपरेटर आयकिची कुबोयामा 23 सप्टेंबर 1954 रोजी वारले. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती आणि कुणी कुणावर हल्ला केला नव्हता, तरी बॉम्बने माणूस मारला होता.

नेहरूंनी 2 एप्रिल 1954 रोजी लोकसभेत चाचण्या जागच्या जागी थांबवण्याची मागणी केली. जगातल्या कुठल्याही सरकारप्रमुखाने केलेल्या अशा पहिल्या मागण्यांपैकी ती एक. त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा होता आणि तो तेवढा गाजला नाही: या अस्त्रांचे ज्ञात आणि संभाव्य परिणाम जगातल्या लोकांपुढे पूर्णपणे उघड करावेत. लोकांना कळलं तर लोक बोलतील, हा त्यामागचा विश्वास. कोठारी, भाभा आणि खानोलकर यांचं पुस्तक या मुद्द्याची अंमलबजावणी होती. 1958 साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा, गोव्यातल्या केप्याचा. लंडनला जाऊन त्यांनी 1923 साली पॅथॉलॉजीत एम. डी. केलं आणि परतून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं. 1941 साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्या हाती आल्या. 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते संचालक झाले. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात.

त्यांच्या संशोधनाची जात लक्षात घेतली तर बॉम्बच्या पुस्तकात त्यांचं असणं आश्चर्याचं वाटत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे ओळीने आलेले हजार रुग्ण घेऊन त्यांनी तंबाखू चघळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध तपासला. धोतराची गाठ कमरेला जिथे वर्षानुवर्षं घट्ट आवळली जाते तिथे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास केला. माणूस रोज काय खातो, काय नेसतो, कुठे राहतो आणि त्याचा जाब शरीर वीस-तीस वर्षांनी कसा देतं, हा त्यांचा विषय होता. किरणोत्सर्गाचं दुखणं याच जातीचं. आज मिळालेली मात्रा आज दिसत नाही. ती पकडायची तर एका रोग्याकडे पाहून भागत नाही, हजारोंची नोंद ठेवावी लागते.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1955 मध्ये अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रीय समिती नेमली. पंधरा देशांच्या या समितीत भारत होता आणि भारताच्या वतीने खानोलकर बसले. समितीचा पहिला अहवाल 1958 साली आला. किरणोत्सर्गाच्या अगदी लहान मात्रेनेही आनुवंशिक आणि कदाचित शारीरिक इजा होऊ शकते, असा त्याचा रोख होता. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन तेव्हा चाचण्या करतच होते आणि त्या निरुपद्रवी असल्याचं त्यांचे प्रवक्ते सांगत होते.

खानोलकर चळवळीतले नव्हते. ते मोर्च्यात गेले नाहीत, त्यांनी पत्रकं वाटली नाहीत. अणुऊर्जा खात्याच्या जीवशास्त्रीय आणि वैद्यकीय सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1962 साली तर टाटा मेमोरियल रुग्णालयच अणुऊर्जा खात्याच्या कारभारात आलं आणि आजही देशातलं हे सर्वांत नामांकित कर्करोग रुग्णालय त्याच खात्याकडे आहे. अणूने रोग होतो हे सांगणारा आणि अणूने रोग बरा करू पाहणारा डॉक्टर एकाच छपराखाली, एकाच खात्याच्या पगारावर. या जवळिकीचा काच पुढच्या पिढीतल्या डॉक्टरांना जाणवणार होता.

खानोलकरांच्या हाती जी वैद्यकीय माहिती आली तिचा उगम हिरोशिमाच्या डॉक्टरांत होता. जॉन हर्सी या अमेरिकन पत्रकाराने 1946 साली नोंदवलेले आकडे असे: शहरात 150 डॉक्टर होते. त्यांतले 65 स्फोटातच गेले आणि उरलेल्यांतले बहुतेक जखमी. 1,780 परिचारिकांपैकी 1,654 मेल्या किंवा काम करण्याच्या अवस्थेत राहिल्या नाहीत. सर्वांत मोठ्या रेड क्रॉस रुग्णालयात तीस डॉक्टरांपैकी सहा जण उभे राहू शकत होते. औषधं, पट्ट्या, पाणी, वीज हे पुढचे प्रश्न. रोग्याच्या आधी दवाखानाच मेला होता.

तिथल्याच कम्युनिकेशन्स हॉस्पिटलचे संचालक मिचिहिको हाचिया स्वतः जबर जखमी झाले. त्या अवस्थेत त्यांनी 6 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर 1945 अशी रोजनिशी लिहिली. सुरुवातीला त्यांना वाटलं की उलट्या आणि रक्ती जुलाब म्हणजे हगवणीची साथ असावी, म्हणून त्यांनी रोगी वेगळे ठेवले. मग अंगावर एक ओरखडाही नसलेली माणसं जांभळे डाग उमटून मरू लागली. ऑगस्टच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शक हाती आला, रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या. एका नव्या रोगाचं निदान मोडक्या रुग्णालयात, टाके पडलेल्या डॉक्टराने केलं. अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानात अशा नोंदी छापण्यावर कित्येक वर्षं निर्बंध होते. हाचियांची रोजनिशी इंग्रजीत 1955 साली आली, कोठारी-खानोलकरांच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधी.

चाचण्यांची राख घराघरांत पोचते हे मात्र जगाला मुलांच्या दातांनी पटवलं. स्फोटातून निघणारं स्ट्रॉन्शियम-90 रासायनिक स्वभावाने कॅल्शियमसारखं वागतं. पावसाबरोबर ते गवतावर उतरतं, गवतातून गायी-म्हशींच्या पोटात जातं, तिथून दुधात आणि दुधातून वाढत्या मुलांच्या हाडांत, दातांत. अमेरिकेत सेंट लुईस शहरात डॉ. लुईस रेस या महिला डॉक्टरांनी 1958 च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू केली. शाळांतून, दवाखान्यांतून, टपालाने दात येत राहिले. मोहीम संपेपर्यंत त्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढत गेलं होतं. 5 ऑगस्ट 1963 रोजी मॉस्कोत अंशतः चाचणीबंदीचा करार झाला, अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांच्या वातावरणातल्या चाचण्या थांबल्या आणि भारताने करारावर लगोलग सही केली.

त्याच 1963 साली कोल्हापुरात जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजे ‘गोकुळ’ची, स्थापना झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दातांच्या मोहिमेचा अर्थ कोल्हापूरकराइतका लवकर क्वचितच कुणाला कळेल. कागल, करवीर, भुदरगडातल्या गोठ्यांत सकाळी काढलेलं दूध मुंबईतल्या पोराच्या पेल्यात जातं, ही साखळी इथल्या घरांना पाठ आहे. हवेतून उतरलेलं विष याच साखळीने प्रवास करतं. ज्या शहरावर काहीच पडलं नाही तिथलं मूल आणि ज्या गावावर पाऊस पडला तिथली म्हैस यांच्यामध्ये एक बरणी दूध असतं.

दातांमुळे चाचण्या हवेतून जमिनीखाली गेल्या, पण बॉम्ब कमी झाले नाहीत. डॉक्टरांच्या मोहिमेचा दुसरा टप्पा कराराच्या आधीच सुरू झाला होता. 1961 साली बोस्टनमध्ये डॉ. बर्नार्ड लाऊन आणि त्यांचे सहकारी एकत्र आले. लाऊन हृदयविकारतज्ज्ञ होते. थांबू पाहणारं हृदय विजेच्या झटक्याने पूर्ववत करणारं डीसी डिफिब्रिलेटर ही त्यांचीच देणगी. या मंडळींनी बोस्टनवर अणुहल्ला झाला तर काय होईल याचा रोगनिदान मांडावं तसा हिशेब केला आणि मे 1962 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. वाचलेल्या एका डॉक्टरामागे सुमारे 1,700 जखमी येतील. प्रत्येकाला फक्त दहा मिनिटं दिली, डॉक्टर दिवसाला वीस तास राबला, तरी सगळ्यांना एकदा पाहून व्हायला दोन आठवडे लागतील. तोवर पहिल्या रांगेतले बहुतेक जण गेलेले असतील.

लेखात घोषणा नव्हती, आवाहन नव्हतं. डॉक्टरांच्या पुढच्या सगळ्या मोहिमेचा पाया मात्र त्या भागाकारात आहे. उपचार शक्य नसेल तर रोग होऊ न देणं हाच उपचार, हे सार्वजनिक आरोग्याचं जुनं सूत्र. शाहू महाराजांच्या कोल्हापुराने ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेगमध्ये अनुभवलं होतं. हाताशी प्रतिजैविकं नव्हती. तेव्हा गावं रिकामी करून माणसं रानात झोपड्यांमध्ये हलवणं आणि लस टोचून घ्यायला लोकांना तयार करणं, एवढंच हाती होतं आणि तेच केलं गेलं. लाऊन यांनी तेच सूत्र बॉम्बला लावलं.

1980 च्या डिसेंबरात जिनिव्हात सहा डॉक्टर भेटले. तीन अमेरिकन, तीन सोव्हिएत. सोव्हिएत बाजूचे प्रमुख येवगेनी चाझोव्ह हे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचे हृदयविकारतज्ज्ञ. या बैठकीतून अणुयुद्ध रोखण्यासाठी झटणारी आंतरराष्ट्रीय डॉक्टर संघटना, ‘आयपीपीएनडब्ल्यू’, जन्माला आली. 1982 च्या जूनमध्ये सोव्हिएत दूरचित्रवाणीवर दोन्ही देशांचे डॉक्टर तासभर बोलले आणि काटछाट न करता ते देशभर दाखवलं गेलं. अणुयुद्धात नागरी संरक्षणाचा फारसा उपयोग नाही, हे सोव्हिएत प्रेक्षकांनी आपल्याच दूरचित्रवाणीवर ऐकलं. पाच वर्षांत संघटनेत 40 देशांतले 1 लाख 35 हजार डॉक्टर आले.

1985 चं नोबेल शांतता पारितोषिक तिला जाहीर झालं आणि वाद पेटला. 1973 साली सोव्हिएत असंतुष्ट शास्त्रज्ञ आंद्रे सखारोव्ह यांचा निषेध करणाऱ्या पत्रावर चाझोव्ह यांची सही होती. पश्चिम जर्मनीचे चान्सेलर हेल्मुट कोल यांच्यासारख्यांनी पारितोषिकालाच हरकत घेतली. ऑस्लोमध्ये समारंभाच्या आदल्या दिवशी पत्रकार परिषदेत याच विषयावर प्रश्नांचा भडिमार चालू असताना एक सोव्हिएत पत्रकार कोसळला. हृदय बंद पडलं होतं. लाऊन आणि चाझोव्ह दोघेही व्यासपीठावरून धावले आणि आळीपाळीने त्याची छाती दाबू लागले. तो वाचला. चाझोव्ह यांच्या सहीचा प्रश्न त्याने सुटला नाही, पण शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन महासत्तांचे हृदयविकारतज्ज्ञ एकाच रोग्यावर वाकलेले कॅमेऱ्यांनी टिपले.

जागतिक आरोग्य संघटनाही याच मार्गाने गेली. तिने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 1980 च्या दशकात निष्कर्ष काढला की अणुहल्ल्याला पुरी पडेल अशी आरोग्यव्यवस्था जगात कुठेही नाही. 1993 साली संघटनेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं: आरोग्यावरचे परिणाम पाहता अण्वस्त्रांचा वापर कायदेशीर ठरू शकतो का? या प्रश्नामागे डॉक्टरांनी आणि वकिलांनी मिळून चालवलेली मोहीम होती. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही याच विषयावर न्यायालयाचं मत मागितलं.

भारताची 1995 सालची लेखी भूमिका आज वाचली तर नवल वाटतं. अण्वस्त्रांचा वापर कुठल्याही परिस्थितीत बेकायदेशीर आहेच, त्यांची निर्मितीही समर्थनीय नाही, असं भारत सरकारने न्यायालयाला कळवलं. 1974 साली पोखरणमध्ये पहिला स्फोट झाला होता, पण सरकारच्या लेखी तो शांततेसाठी होता. 1988 साली राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे टप्प्याटप्प्याने संपूर्ण अण्वस्त्रमुक्तीचा आराखडा ठेवला होता. म्हणजे कोठारी-खानोलकरांच्या पुस्तकाचा सूर चाळीस वर्षं सरकारी कागदांवर टिकून होता. न्यायालयाने जुलै 1996 मध्ये आरोग्य संघटनेचा प्रश्न तिच्या अधिकारात बसत नाही म्हणून बाजूला ठेवला. आमसभेला मात्र उत्तर दिलं: अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध आहे. एखाद्या देशाचं अस्तित्वच धोक्यात आलं तर काय, हे न्यायमूर्तींनी मोकळं सोडलं.

दोन वर्षांनी, 11 आणि 13 मे 1998 रोजी, भारताने पोखरणमध्ये पाच चाचण्या केल्या. त्याच महिन्याच्या 28 आणि 30 तारखेला पाकिस्तानने बलुचिस्तानात उत्तर दिलं. रस्त्यांवर पेढे वाटले गेले. प्रतिरोधन हा शब्द वर्तमानपत्रांतून चहाच्या टपरीवर आला: आपल्याकडे बॉम्ब आहे म्हणूनच समोरचा टाकणार नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. महासत्तांमध्ये अर्धशतकात थेट युद्ध झालं नाही, हे त्याच्या बाजूने सांगता येतं. डॉक्टरांनी त्याला राजकीय उत्तर दिलं नाही. त्यांनी विचारलं की हे प्रतिरोधन एकदाच, एका चुकीने फसलं तर पुढे काय, आणि त्याचा हिशेब काढला.

हा हिशेब महाराष्ट्राच्या वाट्याचा होता. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी तो केला आणि आयपीपीएनडब्ल्यूने 1999 साली ‘बॉम्बिंग बॉम्बे?’ या नावाने प्रसिद्ध केला. मुंबईवर हिरोशिमाच्या आकाराचा, 15 किलोटनचा एक बॉम्ब पडला तर काय? उत्तर: सुमारे 1 लाख 60 हजार ते 8 लाख 66 हजार मृत्यू. एवढी मोठी तफावत का, तर बॉम्ब कुठल्या वस्तीवर पडेल आणि तिथली दाटी किती, यावर सगळं अवलंबून. केईएम, नायर, जे.जे., सायन, टाटा ही सगळी मोठी रुग्णालयं बेटाच्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यात. ज्यांनी भाजलेल्यांना घ्यायचं तेच आगीत.

मग रोगी बाहेर पाठवायचे. पुणे, नाशिक, सातारा, आणि पावणेचारशे किलोमीटरवरचं कोल्हापूर. सीपीआर हे जिल्ह्याचं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय, जुन्या कोल्हापूरकरांचा ‘थोरला दवाखाना’. सिंधुदुर्गापासून सीमाभागापर्यंतचे रोगी रोजच त्याच्या दारात असतात. भाजलेल्या एका माणसाला आठवडे, महिने लागतात. रोज पट्ट्या, रक्त, सलाइन, वेगळी खोली, कातडी बसवण्याच्या शस्त्रक्रिया. किरणोत्सर्गाने पांढऱ्या पेशी गेल्या असतील तर साधा जंतुसंसर्गही जीव घेतो. महानगरांतल्या मोठ्या रुग्णालयांतही असे रोगी एका वेळी मोजकेच घेता येतात. लाखांतला एक हिस्सा जरी घाट चढून आला, तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या सगळ्या रुग्णालयांच्या दारात 1962 चा तो भागाकार उभा राहील.

आपत्तीत बाहेरून मदत येते, हा कोल्हापूरचा ताजा अनुभव आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी असते 43. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. पेट्रोल संपलं, गॅस संपला, गोकुळचं संकलन थांबलं आणि मुंबईच्या दुधाला त्याची झळ बसली. तरीही एनडीआरएफच्या, नौदलाच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आली, पुण्या-मुंबईहून डॉक्टरांची पथकं आली, कारण पुणे-मुंबई शाबूत होती. आपत्ती व्यवस्थापनाची सगळी इमारत या गृहीतावर उभी असते की कुठलं तरी शेजारचं शहर धड आहे. अणुयुद्धात हेच गृहीत निसटतं.

1998 नंतर ही भाषा बोलणाऱ्या डॉक्टरांची भारतातली संघटना म्हणजे ‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’, आयपीपीएनडब्ल्यूची भारतीय शाखा. लुधियानाचे डॉ. अरुण मित्रा, पाटण्याचे डॉ. शकील उर रहमान हे तिचे परिचित चेहरे. पाकिस्तानात तिची भगिनी संघटना आहे आणि दोन्ही बाजूंचे डॉक्टर एकत्र भेटत, एकत्र पत्रकं काढत आले आहेत. 2008 च्या मार्चमध्ये आयपीपीएनडब्ल्यूचं अठरावं जागतिक अधिवेशन नवी दिल्लीत भरलं. महाराष्ट्रात नागपूरला डॉ. बाळकृष्ण कुर्वे यांनी शांतता, नि:शस्त्रीकरण आणि पर्यावरणासाठी संस्था चालवली आणि भूसुरुंगबंदीच्या भारतीय मोहिमेचं काम पाहिलं.

या डॉक्टरांची मोठी अडचण आकड्यांची होती. देशातली किरणोत्सर्गाची बहुतेक मोजमापं अणुऊर्जा खात्याच्या हाती, आणि ते खातं थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. खानोलकर आत बसून मोजत होते. बाहेरच्यांना घरोघर फिरून मोजावं लागलं. गुजरातेतल्या वेडछीच्या डॉ. संघमित्रा गाडेकर, म्हणजे नारायण देसाईंच्या कन्या आणि महादेवभाई देसाईंच्या नात, आणि त्यांचे पती, भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर यांनी 1991 साली राजस्थानातल्या रावतभाटा अणुवीज केंद्राच्या परिसरात आरोग्य पाहणी केली. केंद्राजवळची गावं आणि दूरची गावं घेऊन त्यांनी आजार, गर्भपात, जन्मजात व्यंग यांची तुलना केली. जवळच्या गावांत प्रमाण जास्त आढळलं. खात्याने असे निष्कर्ष मान्य केले नाहीत. पुढे झारखंडातल्या जादूगोडा युरेनियम खाणींच्या परिसरात डॉक्टरांच्या संघटनेनेही अशीच पाहणी केली. अणुवीज आणि अण्वस्त्रं हे दोन वेगळे वाद आहेत आणि घाटाखालच्या जैतापूर प्रकल्पाचा वाद पहिल्यातला. दोन्हीकडे डॉक्टरांची मागणी मात्र एकच राहिली आहे: नोंदी उघड करा, आम्हाला तपासू द्या. नेहरूंनी 1954 साली अण्वस्त्रधारी देशांकडे जवळपास हेच मागितलं होतं.

हिशेब शहरांपुरता राहिला नाही. 2013 साली आयपीपीएनडब्ल्यूने डॉ. आयरा हेलफंड यांचा अहवाल प्रसिद्ध केला. भारत-पाकिस्तानात हिरोशिमाच्या आकाराचे शंभर बॉम्ब वापरले गेले तर? जळत्या शहरांची काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ऊन अडवेल, पाऊस घटेल, हंगाम आखूड होतील. अमेरिकेतला मका दशकभर सरासरी 10 टक्क्यांनी, चीनमधला भात पहिल्या चार वर्षांत 21 टक्क्यांनी घटेल आणि जगातल्या दोन अब्ज माणसांवर उपासमारीची पाळी येऊ शकेल, असा त्यांचा अंदाज. इथे बॉम्ब पडलेलं शहर आणि न पडलेलं शहर हा भेदच उरत नाही. ऊस, भात आणि भुईमुगाच्या शिवारांना आकाशाकडे डोळे लावून बसण्याची सवय आहे. या हिशेबात आकाशच काळवंडतं.

याच संघटनेच्या पोटातून 2007 साली मेलबर्नमध्ये ‘आयकॅन’ ही अण्वस्त्रबंदीची मोहीम सुरू झाली. कल्पना मलेशियातले प्रसूतितज्ज्ञ डॉ. रॉनल्ड मॅकॉय यांची. भूसुरुंगांवर जशी बंदी आली तशी अण्वस्त्रांवर आणायची, अण्वस्त्रधारी देश सोबत असोत वा नसोत. 7 जुलै 2017 रोजी 122 देशांनी बंदीच्या कराराच्या बाजूने मत दिलं आणि त्या वर्षीचं शांततेचं नोबेल आयकॅनला मिळालं. 22 जानेवारी 2021 पासून करार लागू झाला. भारत वाटाघाटींत नव्हता, करारातही नाही. पाकिस्तान, चीन, अमेरिका, रशियाही नाहीत.

मे 2025 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. त्याच महिन्यात जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की अणुयुद्धाच्या आरोग्यावरील परिणामांचा 1980 च्या दशकातला अहवाल आता नव्याने लिहावा. जुना अहवाल तयार झाला तेव्हा दक्षिण आशियात एकही घोषित अण्वस्त्रधारी देश नव्हता, आता दोन आहेत. नव्या अहवालाला या भूभागातली माहिती लागेल: कुठल्या जिल्ह्यात भाजलेल्यांसाठी किती खाटा, किती रक्तपेढ्या, रस्ते तुटले तर किती दिवसांचा औषधसाठा. यातलं बरंचसं जिल्हा रुग्णालयांच्या कपाटांत आजही पडून आहे.